उभ्या गाडीचे तास

दसरा उलटून पहिल्या वेचणीचा कापूस बाजारात येऊ लागला, की पाथरीहून मानवतवरून परभणीकडे जाणाऱ्या रस्त्याला जी वर्दळीची कळा येते ती शिमग्यापर्यंत उतरत नाही. बैलगाड्या जाऊन त्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि टेम्पो आले, राष्ट्रीय महामार्गाचा २२२ हा क्रमांक जाऊन ६१ आला, १९७२ साली सुरू झालेला राज्य सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीचा अंमल आला आणि कालांतराने ओसरला. परंतु शेतातला कापूस जिनिंगच्या आवारात येऊन पडतो, सरकीपासून रुई विलग होते, रुईच्या गाठी दाबून पट्ट्यांनी आवळल्या जातात आणि त्या गाठी भरून नेण्यासाठी मालमोटारी फाटकाबाहेर रांग धरून उभ्या राहतात, हा क्रम मी पाहतो आहे तेव्हापासून तसाच आहे. माझी उमेदीची वर्षे याच रस्त्यावरच्या एका ट्रान्सपोर्ट कचेरीत बिल्ट्या लिहिण्यात गेली. मालमोटारींविषयी जे थोडेबहुत लिहिले जाते ते त्यांच्या वेगाविषयी, अपघातांविषयी आणि रस्त्यांविषयी असते. मला लिहायचे आहे ते त्यांच्या उभे राहण्याविषयी, कारण चालकाच्या आयुष्याचा जो भाग कोणत्याही वहीत उतरला नाही तो मुख्यत्वे गाडी उभी असतानाचा आहे.

बिल्टी हा मोठा काटेकोर दस्त असतो. माल धाडणाऱ्याचे नाव, माल घेणाऱ्याचे नाव, नगांची संख्या, वजन, मालाची किंमत, विम्याचा तपशील, ठरलेले भाडे, त्यापैकी अगाऊ दिलेली रक्कम आणि माल पोहोचल्यावर द्यावयाची बाकी, असे सारे तीत एकाखाली एक उतरवावे लागते. रुईची एक गाठ सुमारे १७० किलोंची, म्हणजे शंभर गाठींची गाडी १७ टनांची झाली. तेव्हा काट्यावरच्या चिठ्ठीत आणि बिल्टीत किंचित तफावत पडली, तरी मुकादमापासून मालकापर्यंत सगळ्यांना बोलावून तिचा उलगडा केल्याखेरीज गाडी हलत नसे. चालकाचाही उल्लेख बिल्टीत होता. त्याचे नाव आणि परवान्याचा क्रमांक लिहून मी त्याची सही किंवा अंगठा घेत असे. परंतु ज्याच्या स्वाधीन एवढा माल करून आपण त्याला हजार-बाराशे किलोमीटरांवरच्या कोइमतूर-तिरुपूरकडे धाडतो आहोत, तो मनुष्य किती तासांपासून जागा आहे, काल रात्री तो कोठे आणि किती वेळ निजला होता, हे विचारणारा रकाना त्या कागदावर नव्हता, आणि आजच्या छापील बिल्टीतही मला तो आढळलेला नाही.

मालाच्या हालचालीची नोंद ठेवण्याची रीत आमच्या मुलुखात फार जुनी आहे. निजामाच्या अमदानीत संस्थानाच्या हद्दीवर करोडगिरीचे नाके असत. कोणता माल आला, कोणता गेला आणि त्यावर किती जकात बसली याची दप्तरे तेथे ठेवली जात. १९४८ च्या सप्टेंबरात ते राज्य संपले. नंतर जकात नाके आले आणि गेले, तपासणी नाके आले, आणि आता २०१८ पासून ई-वे बिल आले आहे. अंमलदार बदलले, शाई बदलली, शेवटी कागदही नाहीसा झाला, तरी प्रत्येक राजवटीने मालाची हकीकत जपली. माणसाची हकीकत जपण्याचा विचार मात्र या रस्त्यावर फार उशिरा आला, आणि तो प्रथम आला तोही रस्त्यावर नव्हे, रुळांवर.

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी निजामाची रेल्वे १९०० साली सुरू झाली. तिचे स्थानक मानवत गावापासून काही मैल दूर पडले, म्हणून त्याला आजही मानवत रोड म्हणतात. रेल्वे ही वेळापत्रकावर जगणारी संस्था; तिने आपल्या नोकरांच्या वेळेचा विचार इतर धंद्यांच्या आधी करणे क्रमप्राप्त होते. ब्रिटिश हिंदुस्थानच्या रेल्वे कायद्यात १९३० साली दुरुस्ती होऊन नोकरांच्या तासांना मर्यादा घालण्यात आली, तेव्हा अविरत काम करणाऱ्यांसाठी आठवड्याचे ६० तास आणि ज्यांच्या कामात मधून मधून खंड पडतो त्यांच्यासाठी ८४ तास ठरले. पुढे कामगारांच्या गाऱ्हाण्यांचा निवाडा करण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांची नेमणूक झाली. हेच राजाध्यक्ष पुढे पहिल्या वृत्तपत्र आयोगाचे अध्यक्ष झाले, आणि वाचकांना त्यांचे नाव आठवलेच तर बहुधा त्या निमित्ताने आठवेल. माझ्या दृष्टीने त्यांचे अधिक मोठे कार्य १९४७ सालच्या या निवाड्यात आहे. त्यांनी रेल्वेच्या कामाची प्रतवारी पुन्हा लावली: ज्या कामात मनावर आणि शरीरावर अखंड ताण असतो त्याला आठवड्याचे ४५ तास, सर्वसामान्य अविरत कामाला ५४, आणि ज्यात बराचसा वेळ स्वस्थ बसून राहावे लागते त्याला ७५.

या तिसऱ्या वर्गाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. फाटकावरचा पहारेकरी दोन गाड्यांच्या मधल्या काळात काही करीत नाही. झाडाच्या सावलीला तो बसलेला असतो, त्याचे हात रिकामे असतात, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटते की हा मनुष्य विश्रांती घेतो आहे. तथापि कायद्याने त्याच्या त्या बसण्याला विश्रांती म्हटले नाही. त्याने म्हटले की या अवधीत नोकराकडून अंगमेहनतीची किंवा सतत अवधानाची अपेक्षा नसली तरी तो कामावरच आहे. त्याच्या तासांची मर्यादा सैल होईल, पण ते तास त्याच्या हजेरीतून वगळले जाणार नाहीत. ७५ तासांचा आठवडा हा काही सुखाचा नव्हे, आणि त्यात न्याय किती होता याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु वाट पाहणे ही नोकरी आहे, एवढे तत्त्व त्यात निःसंदिग्धपणे मान्य झाले होते.

रस्त्यावरच्या चालकाची गोष्ट याच सुमारास निराळ्या दप्तरांत लिहिली जात होती. १९३९ साली हिंदुस्थानात मोटार वाहनांचा कायदा झाला आणि पाच तास गाडी हाकल्यावर चालकाला किमान अर्ध्या तासाचा विसावा मिळाला पाहिजे, असे त्यात लिहिले गेले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने रस्ते वाहतुकीतील कामाच्या तासांविषयी एक करार संमत केला, आणि त्याच्या जोडीला ६३ क्रमांकाची जी शिफारस केली ती केवळ एका लहानशा वहीविषयी आहे: प्रत्येक चालकापाशी त्याची स्वतःची नियंत्रण-पुस्तिका असावी आणि तीत त्याचे कामाचे व विश्रांतीचे तास नोंदले जावेत. महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या जगातील प्रतिनिधी एकत्र बसून चालकाच्या खिशातल्या वहीचा विचार करीत होते, ही गोष्ट मला फार थोर वाटते. स्वतंत्र भारताने १९६१ साली मोटार परिवहन कामगारांचा वेगळा अधिनियम केला. दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस. लांब पल्ल्याच्या मार्गावर फार तर दहा आणि चौपन्न. पाच तासांनंतर अर्ध्या तासाची सुटी. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती. आणि कामाचा सारा पसारा, मधल्या सुट्या धरून, बारा तासांत आवरलेला. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने हीच मर्यादा चालकांना लावली आणि तास आधी ठरवून त्यांची नोंद ठेवण्याविषयी नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला दिला. कायद्यात उणीव नव्हती असे म्हणून येथेच थांबणारे पुष्कळ भेटतात. ते त्यातली व्याख्या वाचत नाहीत.

१९६१ च्या अधिनियमात कामाचे तास म्हणजे काय हे सांगितले होते. ज्या वेळात कामगार मालकाच्या स्वाधीन असतो तो वेळ. त्यात गाडी चालतानाचे काम आले, गाडीशी निगडित असलेले आनुषंगिक काम आले, आणि शेवटी, थांब्यावर केवळ हजर राहण्यात गेलेला असा वेळ आला, की जो पंधरा मिनिटांहून कमी आहे. ही पंधरा मिनिटे मी प्रथम वाचली तेव्हा कचेरीच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो. प्रवासी गाडीच्या चालकाला डोळ्यांपुढे ठेवून हे शब्द योजले गेले असावेत. बस स्थानकात येते, उतारू उतरतात, चढतात, आणि दहा-बारा मिनिटांत ती सुटते. तेथे ही हद्द शोभून दिसते. पण मालमोटारीच्या जगात पंधरा मिनिटांची वाट कोण पाहतो? तेथे वाट पाहायची ती प्रहरांनी मोजायची. पंधरा मिनिटांच्या आतले थांबणे स्पष्ट शब्दांत कामात धरले, तेव्हा त्यापलीकडचे थांबणे आपोआपच वादाचे झाले; आणि ज्या धंद्यात चालकाच्या बाजूने वाद घालायला कोणी उभा नसतो, तेथे वादाचे म्हणजे बुडाल्यातच जमा.

आमच्या कचेरीत माल भरायला येणाऱ्यांत एक वयस्क चालक होते. सारे त्यांना मामू म्हणत. क्लीनर मंडळी उस्ताद म्हणत. त्यांचे शिक्षण निजामाच्या काळात उर्दूतून थोडेसे झालेले, आणि आकडे ते अखेरपर्यंत उर्दूतच लिहीत. गाडीच्या खणात, परवाना आणि विम्याच्या कागदांसोबत, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची एक अरुंद वही ते ठेवीत. हिशेबाची असेल असे मला वाटे. एका दुपारी गाठी भरण्याचे काम चालू असताना, हमाल आकडे रोवून गाठी फळीवरून वर ओढत होते आणि मामू ताडपत्रीची घडी मांडीवर घेऊन तिला ठिगळ लावीत होते, तेव्हा ती वही मी सहज मागितली. तीत हिशेब नव्हता. प्रत्येक पानावर तीन उभ्या रेघा ओढून रकाने पाडले होते, आणि माथ्यावर त्यांनी मला वाचून दाखवले ते शब्द होते: चाल, उभं, नीज.

त्यातले एक पान त्यांनी मला समजावून सांगितले. दक्षिणेतल्या एका गिरणीच्या फाटकाशी ते संध्याकाळी सात वाजता पोहोचले होते. पुढे रांग होती. रात्री अकराला तीन गाड्या आत गेल्या, म्हणून सगळी रांग तेवढी पुढे सरकली. दोन वाजता पुन्हा सरकली. पाच वाजता फाटकावरच्या माणसाने हाक मारून कागद मागितले. आठ वाजता गाडी आत गेली, आणि दुपारी बारा वाजून गेल्यावर ती रिकामी झाली. या सतरा तासांत चाल या रकान्यात काहीच नव्हते, कारण फर्लांगभरही गाडी चालली नव्हती. नीज या रकान्यात एक आडवी रेघ होती. सगळे तास मधल्या रकान्यात दाटीने बसले होते. आणि त्याच्या खालच्या ओळीत, दुपारी दोन वाजल्यापासून, परतीच्या भाड्यासाठी पुन्हा चाल सुरू झाली होती.

“मामू, रात्री गाडी उभीच होती ना? निजता आलं असतं की,” मी म्हणालो.

“निजलो तर मागचा पुढं घुसतो, बाबू,” ते म्हणाले. “आन् ताडपत्री? एक कान तिच्याकडं ठेवावा लागतो. कधी पोचलास ते इचारतात, कधी खाली झालास ते इचारतात. मधल्या रातीचं कोनी इचारीत नाही. म्हणून लिहून ठेवतो.”

लिहून ठेवून ते ती वही कोणाला दाखवणार होते? तसा कोणी अधिकारी नव्हता, तसे कलम त्यांना ठाऊक नव्हते, आणि १९३९ च्या शिफारशीचे नावही त्यांच्या कानावर गेलेले असणे संभवनीय नव्हते. तरीही अंधाऱ्या केबिनमध्ये बसून त्यांनी जे तीन रकाने पाडले होते, ते अमेरिकेत कायद्याने ठरवून दिलेल्या चार ओळींच्या किती जवळ होते हे मला फार वर्षांनी कळले, तेव्हा माझ्या मनात त्यांच्याविषयी जो आदर दाटून आला तो आजही ओसरलेला नाही. अमेरिकेतील चालकाच्या रोजनिशीत चार आडव्या ओळी असतात: कामावरून मोकळा, गाडीतल्या बिछान्यावर, गाडी हाकताना, आणि कामावर पण गाडी न हाकताना. दिवसाच्या चोवीस तासांतून एक रेघ या चार ओळींवर चढत-उतरत जाते. मामूंच्या वहीतला मधला रकाना म्हणजे त्यातली चौथी ओळ. ज्याने हे काम हातांनी केले त्याला ती ओळ कोणी शिकवावी लागली नाही.

आता कोणी म्हणेल की उभ्या गाडीच्या वेळेला मोल असते हेच आपल्या धंद्याला समजत नाही. तसे नाही. धंद्याला ते उत्तम समजते. ठरलेल्या मुदतीपेक्षा गाडी अधिक काळ अडकली, तर तिचे हॉल्टिंग लागते. दिवसाला इतके रुपये असा दर बोलीत आधीच ठरतो, आणि त्यावरून होणारी पत्रापत्री मी स्वतः केली आहे. माल घेणाराही खळखळ करून का होईना ते देतो, कारण उभ्या गाडीचे हप्ते, विमा आणि कर उभे राहत नाहीत हे त्याला पटते. म्हणजे थांबण्याची नोंद होते, तिची आकारणी होते, वसुलीही होते. मात्र ती गाडीच्या नावे होते. त्या गाडीत जो मनुष्य थांबलेला असतो त्याला खेपेचा भत्ता ठरलेला असतो, आणि खेप चार दिवसांत झाली काय किंवा सहा दिवसांत झाली काय, तो बहुधा तेवढाच राहतो. काही मालक हॉल्टिंगमधून चालकाच्या हातावर जेवणखर्चापुरते ठेवतात; माझ्या पाहण्यात असे भले मालक होते. परंतु तो त्यांचा भलेपणा होता. चालकाचा हक्क म्हणून त्याची मांडणी कोणत्याही करारात माझ्या हातून कधी लिहिली गेली नाही.

येथेच नोंदीच्या प्रश्नाचे मर्म आहे असे मला वाटते. ज्याला खेपेवर पैसे मिळतात त्याच्या दृष्टीने उभा राहिलेला प्रत्येक तास हा तोट्याचा, आणि तो तोटा भरून काढण्याचे साधन त्याच्यापाशी एकच असते, ते म्हणजे झोप. सतरा तास फाटकावर काढून दोन वाजता परतीची खेप उचलणाऱ्या मामूंना कोणी हुकूम केला नव्हता. हुकुमाची गरजच नव्हती. अशा माणसाच्या हाती तुम्ही कायदेशीर वही दिली आणि तीत मर्यादेपेक्षा अधिक तास दिसले तर गाडी थांबवू अशी ताकीद दिली, तर तो पहिल्या आठवड्यातच खोटे लिहू लागेल, आणि ते खोटे तो स्वतःच्या पोटासाठी स्वतःच्या जिवाविरुद्ध लिहील. अमेरिकेत हे घडले आहे. तेथील आंतरराज्य वाणिज्य आयोगाला १९३५ च्या कायद्याने चालकांच्या तासांवर अधिकार मिळाला, रोजनिशी आली. परंतु १९३८ च्या श्रममान कायद्याने जादा कामाचा जो वाढीव दर इतर कामगारांना दिला त्यातून अशा चालकांना वगळण्यात आले, आणि मजुरी बहुतांशी मैलावर राहिली. परिणामी कागदी रोजनिश्या इतक्या सोयीस्कर रीतीने भरल्या जाऊ लागल्या, की अखेरीस २०१७ च्या डिसेंबरपासून इंजिनाला जोडलेले विद्युत्-यंत्र सक्तीचे करावे लागले. चाक फिरले की ते यंत्र आपोआप लिहिते. पण चाक फिरत नसते तेव्हा काय लिहायचे हे अजूनही चालकाच्या बोटावर असते, आणि गोदामाच्या धक्क्याशी ताटकळण्याचे तास विश्रांतीच्या ओळीत ढकलण्याचा मोह तेथेही सुटलेला नाही. युरोपातील देशांनी साडेचार तासांच्या हाकण्यानंतर पाऊण तासाची सुटी आणि दिवसाला साधारण नऊ तासांचे हाकणे अशी शिस्त बसवली आहे, आणि यंत्राच्या नोंदींवरून ती तपासली जाते. मला ती व्यवस्था अधिक सुज्ञ वाटते, तरीही यंत्राने धंद्याचा मोबदला बदलत नाही.

आपल्याकडे दूर जाण्याचे कारण नाही. पाथरीच्या आगारातून सुटणाऱ्या एस.टी.चा चालक सकाळी आगारात येऊन आपली हजेरी लावतो. त्याची कामगिरी तक्त्यावर लिहिलेली असते, गाडीची वेळ ठरलेली असते, आणि मुक्कामाची गाडी असेल तर रात्री कोठे टेकायचे हेही त्याला ठाऊक असते. मराठवाड्यात ही परंपरा महामंडळापूर्वीची आहे; निजाम स्टेट रेल्वेच्या मार्ग परिवहन शाखेने १९३२ साली २७ गाड्यांनिशी सरकारी मोटारसेवा सुरू केली होती, आणि रेल्वेच्या घरात जन्मलेल्या त्या सेवेला वेळेच्या हिशेबाचे वळण उपजतच मिळाले असावे. एस.टी.च्या चालकाच्याही तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण त्याचे तास निदान भांडण्यापुरते तरी कागदावर असतात.

मालमोटारीचे मात्र विखुरलेले जग. १९६१ चा अधिनियम पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू झाला. आमच्याकडे तर एक गाडी, एक चालक, एक क्लीनर आणि गाडीवर बँकेचे कर्ज, अशी मालकी पदोपदी. त्या मालकाला पाषाणहृदयी म्हणून मोकळे होणे मला न्यायाचे वाटत नाही. त्यांतले कित्येक कालपर्यंत स्वतः चाकावर बसत होते, आणि हप्ता चुकला की त्यांच्याही दारी वसुलीचा माणूस उभा राहतो. सरकारला घाई आहे म्हणावे, तर तेही खरे नाही. ई-वे बिलाची मुदत २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरांना एक दिवस अशी धरली जाते. म्हणजे मानवतहून तेराशे किलोमीटरांवर जाणाऱ्या मालाला सरकार सात दिवस देते. आठ तास गाडी हाकून, सलग नऊ तास निजून, वाटेत जेवून, हा पल्ला त्या मुदतीत आरामात गाठता येतो. सरकारने मालाला दिलेली ही सवड माणसापर्यंत पोहोचत नाही, कारण वाटेत तिला भाड्याची चढाओढ, परतीच्या खेपेची ओढ आणि फाटकावरचा खोळंबा हे तिघे मिळून गिळून टाकतात. आणि या तिघांपैकी खोळंबा तेवढा कोणाच्याही फायद्याचा नसतो.

अलीकडे या विषयाकडे वरिष्ठांचे लक्ष गेले आहे, हे मी समाधानाने नमूद करतो. केंद्रीय मार्ग परिवहन मंत्री नितीन गडकरी यांनी २०२१ साली वैमानिकांप्रमाणे मालमोटार चालकांचेही तास ठरवून द्यावेत आणि डुलकी ओळखणारी यंत्रे गाड्यांत बसवावीत, असा विचार मांडला. २०२५ च्या ऑक्टोबरपासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य झाले. वैशाखात परभणीवरून नांदेडच्या वाटेला ज्याने केबिनमध्ये एक दुपार काढली असेल, त्याला या हुकुमाची किंमत सांगावी लागणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालकांच्या आठ तासांच्या मर्यादेची अंमलबजावणी होत नसल्याची दखल घेऊन केंद्र आणि राज्यांना त्या दिशेने पावले टाकण्यास सांगितले. १९६१ चा अधिनियमही आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. तरी पापणी मिटताना पाहून शीळ घालणाऱ्या यंत्राविषयी मला एक खंत वाटते: त्याला चालकाची पापणी दिसते, परंतु आदल्या रात्रीचे फाटक दिसत नाही. दोष डोळ्यांच्या माथी मारला जातो आणि ज्या आवाराने ते डोळे रात्रभर उघडे ठेवले ते नामानिराळे राहते.

म्हणून माझे म्हणणे फाटकापासून सुरू होते. जिनिंगच्या, गिरणीच्या, गोदामाच्या प्रत्येक फाटकावर आजही एक जाड नोंदवही असते. गाडीचा क्रमांक, आत आल्याची वेळ, बाहेर पडल्याची वेळ आणि चालकाची सही असे रकाने तीत असतात, कारण मालाची चोरी होऊ नये याची काळजी प्रत्येक आवाराला असते. म्हणजे उभ्या गाडीचे बरेचसे तास आजही लिहिले जात आहेत. फक्त ते ज्याचे आहेत त्याच्या हाती पडत नाहीत. त्या रकान्यांत आणखी एकाची भर घालावी, रांगेत येऊन उभे राहिल्याची वेळ, आणि गाडी बाहेर पडताना या तिन्ही वेळांची चिठ्ठी, काट्याची चिठ्ठी देतात तशीच, चालकाला द्यावी. तिची एक प्रत बिल्टीला जोडावी. हॉल्टिंगची आकारणी त्याच चिठ्ठीवरून व्हावी आणि तिच्यातला चालकाचा हिस्सा बोलीच्या वेळीच लेखी ठरावा. ज्या दिवशी खोळंब्याच्या तासाला चालकाच्या नावे काही रुपये पडू लागतील, त्या दिवशी तो तास लपवण्याचे त्याला कारण उरणार नाही, आणि माल घेणाऱ्यालाही फाटक लवकर उघडण्यात स्वारस्य उत्पन्न होईल. पंधरा मिनिटांची ती हद्दही काढून टाकता येईल. रेल्वेच्या फाटकवाल्याला जे १९४७ साली मान्य झाले ते रस्त्यावरच्या चालकाला नाकारण्याचे कारण मला दिसत नाही.

मामूंची वही त्यांच्या मुलांपाशी आहे की नाही, याची मी चौकशी केलेली नाही. मात्र आमच्या बाजार समितीच्या आवारात हल्ली ज्या तरुण चालकांशी बोलणे होते, त्यांना मी त्या तीन रकान्यांविषयी सांगतो. एकाने मोबाइलवर फाटकाचा फोटो काढून ठेवायला सुरुवात केली आहे. पोहोचल्यावर एक आणि सुटताना एक, वेळ त्यावर आपोआप उमटते. ते फोटो घेऊन तो मालकाकडे गेला होता. मालकाने ते पाहिले, माल घेणाऱ्याला धाडले, आणि त्या खेपेचे हॉल्टिंग पुरते वसूल झाले. त्यातले चालकाला किती द्यायचे यावर दोघांचे बोलणे अजून चालू आहे.